डाख

लाम्ब्रेख्तनं पुडकं टेबलावर उपडं केलं
आणि दोनशे छप्पन्न दिवे गडगडत
बिअरच्या ओल्या वर्तुळांपर्यंत गेले.
मसुराएवढे. प्रत्येकाला दोन पाय.
"रेमझिये, कारखान्यात तू हेच करायचीस ना?"
हेच नाही. पण हात तेच आहेत.

कबुतर क्लबचा खडूचा फळा उतरवायचा ठरलंय.
सात विरुद्ध सहा.
सातवं मत सचिवाचं, म्हणून किट त्याच्याच गळ्यात.

सूचनांचा कागद चिनीत, आणि अशा इंग्रजीत
की चिनीच बरी वाटावी.
चित्रं मात्र नीट:
लांब पाय अधिक, आखूड उणे.
मी एक दिवा उजेडात धरून दाखवते.
त्याचा चष्मा कपाळावर, नाकावर, पुन्हा कपाळावर.
एकवीस वर्षं तो गेंकच्या जमिनीखाली होता,
दिवा एकच, तोही टोपीवर.
त्याच पाळीत माझे वडील;
दोघांना एकमेकांचे समजायचे ते शब्द चाळीस,
त्यातले दहा शिव्या.

आयर्न तापतं. टोकाला आधी कल्हई.
ओल्या स्पंजावर पुसलं की चर्र.
ऊब तारेला द्यायची नाही, पायाला द्यायची,
खालच्या तांब्याच्या कड्यालाही,
एक, दोन, आणि मग तार टेकवायची:
जिथे गरम आहे तिथे डाख आपणहून धावतो.
चकचकीत, चहूबाजूंनी उतरता, तंबूसारखा.
त्याचा गोळा झाला तर समजावं,
धरलेलं नाही, नुसतं बसलंय.
राळेचा धूर उठतो. लाम्ब्रेख्त खोकतो.
त्याच्या खोकल्याला धुराचं निमित्त लागत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी एक रांग त्यानं हट्टानं स्वतः केली.
हात थरथरला, दोन डाख मिठी मारून बसले.
मी तांब्याची जाळी टेकवून जास्तीचं शोषून घेतलं.
"नवऱ्याला सोडलंस तेव्हाही असंच?"
"तिथे जाळी पुरली नाही."
हसता हसता एक दिवा खाली पडला
तो अजून सापडलेला नाही.
किटवाल्यांना माणसं ठाऊक असावीत,
दोन जास्तीचे दिले होते.

चिप बसवताना कोणी बोलायचं नाही.

वीज दिली. काही नाही.
मग त्याच काही नाहीचं आणखी थोडं.
त्यानं प्लग पाहिला, फ्यूज पाहिला,
शेवटी भिंतीवरच्या संत बार्बाराकडे पाहिलं.
मी भिंग घेऊन पाठीमागून फिरले,
सांध्यामागून सांधा, नखानं हलवत,
आणि सापडला: राखाडी, निस्तेज,
कडेला केसाएवढी चीर.
"माझा होता?" त्यानं विचारलं.
तपासणीच्या खिडकीपाशी तेरा वर्षं मी खरं बोलले होते.
"माझा," म्हटलं.
केवढा खूश झाला.

रविवारी दक्षिणेत कुठेतरी पहाटे टोपल्या उघडल्या.
फळा भिंतीवर लाल, सेकंद मोजत,
आणि त्याच्याकडे बघायला एक माणूस नाही.
सगळ्यांच्या माना वर.
दुपारपासून नावांपुढे वेळा लागत गेल्या,
ज्या सहांनी विरोध केला होता त्यांच्याही.
त्याची करडी, पांढऱ्या पिसाची मादी आली नाही.
आम्ही टेबलं पुसली, खुर्च्या उलट्या मांडल्या.
प्लग काढायला वाकले तर म्हणाला, राहू दे.

मंगळवारी इस्पितळाच्या धोबीघरातली रात्रपाळी संपवून
सायकल हातात धरून क्लबच्या काचेपाशी थांबले.
नावं एकामागून एक सरकत होती.
त्याचं आलं, आणि त्यापुढे
चार आडव्या रेघा.
मोजले सहज. प्रत्येक रेघेत तीन दिवे.
बारा दिवे, चोवीस सांधे.
सगळे नीट धरलेले.