शून्य पॉइंट सहा

दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवते,
कापडाच्या पोटात पंखा.
खिडक्या बंद, मोऱ्यांच्या तोंडात बोळे,
मग घराला सांगते : छाती भरून घे,
आणि धरून ठेव.

स्लेथवेटचे लोक आपल्या गावाला स्लाविट म्हणतात.
मधली अक्षरं वाऱ्यानं नेली असणार,
माळावरून तसा वारा येतो इथे.
त्याच उतारावर ही नवी बारा घरं.
काचा तिहेरी. भिंतींच्या आत
जुन्या वर्तमानपत्रांचा कीस,
गेल्या साली कोण कोणाला काय म्हणालं
ते सगळं ठासून, उबेसाठी.

नियम एवढाच : यंत्राच्या दाबाखाली
तासाभरात घरातली हवा
शून्य पॉइंट सहा पटीहून जास्त पळता कामा नये.
आमच्यात म्हणतात, घर पाहावं बांधून.
बांधल्यावर फुगवून पाहावं, हे कोणी म्हटलं नव्हतं.
मिरजेत झरोक्याचे गवंड्याला वेगळे पैसे द्यायचो आम्ही.
इथे मी झरोके पकडून देते
आणि त्याचा पगार घेते.

सात नंबरचा आकडा आला शून्य पॉइंट नऊ.
साइटवरचा रॉयस्टन कपाळ चोळत म्हणाला, बघ बाई.
धुराची कांडी घेऊन निघाले.
बेडरूम, जिना, माळ्याचं झाकण,
धूर सरळ, शहाण्या मुलासारखा.
सिंकखालच्या कपाटात मात्र तो वाकला
आणि पाइपामागे गेला, घाईनं,
जणू तिथे त्याला कोणी ओळखत होतं.

मूठ जाईल एवढं भोक.
चुकीच्या जागी पाडलेलं, वर खोक्याचा पुठ्ठा.
"माझं आहे ते," कॅलम म्हणाला.
एकोणीस वर्षांचा, प्लंबरच्या हाताखाली नवा.
कान लाल.
लोकर कोंबली, पट्टी कापली, चिकटवली,
आणि अंगठ्यानं दाबत राहिला,
गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ,
रक्त थांबवावं तसा.

शून्य पॉइंट अठ्ठावन्न.
रॉयस्टननं शिट्टी मारली, मी सही केली.

सामान आवरताना कॅलम जवळ आला.
उरलेली पट्टी नेऊ का? आईच्या खिडकीला हवी होती.
भाड्याचं घर. धाकट्याच्या खोलीत काळी बुरशी,
तो दम्याचा पंप मुठीत धरून झोपतो.

मी म्हणाले, नुसत्या फटी बुजवल्यास तर ओल आत कोंडेल,
बुरशी दुप्पट होईल. घराला हवा हवीच,
पण ठरवून दिलेल्या वाटेनं.
हे भाषण मला पाठ आहे.
तो म्हणाला, वाट आहे की.
मोरीतला पंखा. दोन वर्षं बंद आहे.
मालक फोन उचलत नाही.

पट्टी मी त्याला दिली नाही.
दिली असती तर बरं वाटलं असतं,
दोघांनाही, महिनाभर.

शनिवारी यंत्र गाडीत टाकलं.
सर्टिफिकेटचा कागद घेतला नाही.
ट्रेसीनं, म्हणजे त्याच्या आईनं, चपला काढू नका म्हणून सांगितलं,
फरशी फार गार असते.
धाकटा सोफ्यावर कोट घालून गेम खेळत होता.

कापड ताणलं. पंखा पुरता सोडला.
पन्नासपर्यंत दाब चढायला हवा,
तो अठरावर अडखळला, आणि बस.
फाटका फुगा किती फुगवणार.
कांडी पेटवली तर धुराला कळेना कुठे जावं,
स्विचबोर्ड बोलावतोय, फळीखालून कोणी बोलावतंय,
खिडकीची चौकट तर दोन्ही हातांनी.

ट्रेसी हात पुसत उभी होती.
"पास झालं?"

मालकाला पाठवायचं पत्र मी मनात जुळवत होते,
तारीख, खोली, दाब, ओल.
पहिल्या ओळीत काय लिहायचं ते सुचत नव्हतं.

पंखा बंद केला.
पडदा हलतच राहिला.