मंगळवारी ड्रॅगन बंद

नागपूरच्या पार्काला फोन लावला, तिसऱ्यांदा.
पलीकडची पोरगी आता माझा आवाज ओळखते.
"ड्रॅगन मंगळवारी बंद, सर. बोटी दहा तारखेपर्यंत.
आकाशपाळण्याचं काम सुरू आहे, सांगता येत नाही."
म्हटलं, ताई, हळू सांगा, लिहून घेतो.
दळणाच्या वहीत
भुजाडेबाईंच्या पंधरा किलो गव्हाखाली
ड्रॅगन लिहिला.

बंदचं आम्हाला नवल नाही.
चक्की आहे माझी, थ्री-फेजवर.
सोमवार ते बुधवार दिवसाची लाइन,
पुढे चार दिवस रात्रीची,
तीही फिडरवर बाभूळ पडली नाही तर.
माझ्या भिंतीवरचा कागद पाहून
गाव पोळी की भात ते ठरवतं.

पण चक्कीला पट्टा एकच.
तिथे पाळणे नऊ, आणि घरात आम्ही पाच.

प्रज्योतला फक्त ड्रॅगन.
वर्गातला हेमराज उन्हाळ्यात बसून आला,
तेव्हापासून मधल्या सुट्टीत
हेमराजच बोलतो.
मायला ती रुळावरची छोटी गाडी.
"मले नोको बाप्पा उलटं-पालटं करू,
या वयात पोटातलं पोटात राहू दे."
करुणा म्हणते, मला काहीच नको,
पण बोटींची तारीख तिनेच दोनदा विचारली.

श्रावस्तीला आकाशपाळणा.
त्याला एकशेवीस सेंटिमीटर लागतात.
चक्कीच्या चौकटीवर, वजनकाट्याशेजारी,
तिची रेघ एकशे अठरावर.
शाळेतून आली की दप्तरासकट उभी राहते.
"टाच टेक."
"टेकलीच हाये."
तिच्या टाचेखालून माझं बोट आरपार जातं.

आठवडा मांडला.
गुरुवार ते शनिवार रात्रभर दळायचं,
मग साडेपाचच्या एसटीत बाप डुलणार, पोरं कोण पाहणार?
रविवारी तिकीट शंभराने जास्त.
सोमवारी बोटी नाहीत. मंगळवारी ड्रॅगन नाही.
त्यापुढच्या आठवड्यात मायची वेचणी,
तिच्यावाचून टोळी वावरात शिरत नाही.
मी खोडत गेलो, कागद फाटेस्तोवर.

करुणा तव्यावरून नजर न काढता म्हणाली,
"सगळंच चालू राहीन असा दिवस पाहून राह्यले का तुम्ही?
तसा पाह्यला असता तं आपलं लगन झालं नसतं."
खरंच. मांडवात लाइन नव्हती त्या दिवशी.
ट्रॅक्टरच्या दोन दिव्यांत वंदना झाली,
आणि तिचा मामा भलत्याच माणसाच्या गळ्यात पडून रडला.

बुधवार, बारा तारीख.
पुठ्ठ्यावर लिहून टांगलं: बुधवारी चक्की बंद.
लाइन असताना बंद, पहिल्यांदाच.
भुजाडेबाई डबा टेकवून वाचत राहिल्या.
"काय बिघडलं जी?"
"काही नाही. पोरं."

चौथा फोन.
"पाळणा नाहीच, सर. बहुतेक पंधरानंतर."
श्रावस्तीला कसं सांगावं, म्हणून
आधी तिला गुळाचा खडा दिला.
ती खडा गालात धरून म्हणाली,
"पक्का बंद हाये?"
"पक्का."
"मंग मले कोणी मोजणार नाही?"
आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा
ती चौकटीला न टेकता अंगणात पळाली.
मैत्रिणीला ओरडून सांगत होती,
मी बसणारच होती वं, तोच बंद हाये.

मंगळवारी दुपारी, ज्वारी पडत असताना,
फोन वाजला. पार्कातली पोरगी, स्वतःहून.
"सर, तुम्ही इतकं विचारत होता म्हणून.
पाळणा आजच सुरू झाला."
मी मोटर बंद केली.
पट्टा सावकाश थांबला.
"कोण व्हतं, बाबा?"
"दळणवाले."

उद्या तो हमरस्त्यावरूनच दिसेल,
झाडांच्या वर, फिरताना.
एसटीत तिला कोणत्या बाजूला बसवावं
ते पाहतो आहे.