एकेरी दंड

यावल रोडला, केळीच्या ट्रकांची धूळ बसते त्या काचेमागे
माझ्या पोराचं फ्लेक्सचं दुकान.
मी जुना खिळे जुळवणारा. बोटं अजून उलटी अक्षरं शोधतात.
पोरगा म्हणतो, अण्णा, आता सरळच असतात.

लोटनआबांचा माणूस आला.
दहा बाय वीस. आबा हात जोडून, मागे देऊळ,
देवळावर आबांनी बसवलेले नवे दिवे.
"आणि एखादी जुनी ओवी टाका पोथीतली. वजन येतं."

पोथी माझ्याकडे होती.
बाविसाव्या वर्षी मीच जुळवलेली,
कसर लागलेल्या पानांवर बोट ठेवून.
कवीचं नाव असलेलं पान कसरीनंच खाल्लं होतं.

दिवा लावी देउळीं ।
आपुलें नांव उजळी ।
तेल कोणाचें जाळी ।
हें पुसे ना कोणी ॥

त्यानं वाचलं. दोन चरणांवर थांबला.
"एवढंच घ्या. खाली आबांचे पाय येतात."

मी काही बोललो नाही.
अठराशे रुपये आगाऊ घेतले, पावती फाडली.
फक्त, ओवी संपली की दोन दंड द्यायचे असतात,
तिथे एकच दिला.
एक उभी रेघ, आबांच्या गुडघ्यापाशी.
कुणाला दिसणार होती?

फ्लेक्स देवळासमोर लागला.
खाली सुपडाबाई चौधरी, मांडीवर कापूस,
वाती वळत. दहा रुपयाला शंभर.
तिला वाचता येत नाही.
शाळेतून परतणारं एक पोर मोठ्यानं वाचत आलं
आणि त्या रेघेपाशी अडखळलं.

बाईनं मान वर केली नाही.
"आरधी कोठे गयी रे भो?"
आणि उरलेली, बोटांत वात फिरवत, म्हणून टाकली,
जुनी उधारी सांगावी तशी,
न चिडता.

तिच्याकडे ती आली कुठून?
माझी पाचशे प्रतींची आवृत्ती
तिच्या घरी गेली नसणार.
सासरी घाणा होता, एवढं मला माहीत.

संध्याकाळी दिवे लागले. आबांचं नाव खरंच उजळलं.
मीही पायरीशी हात जोडले, नेहमीसारखे.
देवाशी माझं भांडण नाही.
उठताना दहाच्या वाती घेतल्या
आणि विचारलं, सुपडाबाई, तेल आहे का घरी?

तिनं सुटे पैसे मोजले, पदराला गाठ मारली.
"आते इचारी ऱ्हायना का?"