एक वाजून वीस मिनिटं

माझी खुर्ची पहिलीतल्या पोराच्या मापाची.
गुडघे हनुवटीला टेकतात.
सव्वीस वर्षं अशी बसतेय मी किरुनात,
आणि हाडांचा डॉक्टर दर हिवाळ्यात विचारतो,
गुनेल, तू नक्की काम काय करतेस?

बसते.
त्याला पटत नाही.

डिसेंबरात योआर आला. वय सात.
सूर्य तेव्हा आमच्याकडे तीन आठवडे रजेवर असतो,
दुपारी खिडकीत थोडा निळसर उजेड, तेवढाच दिवस.
आई एल्ना, बाप टॉर्केल, मध्ये एक रिकामी खुर्ची,
तिच्यावर तिघांचे कोट.

"रात्री जागा असतो," आई म्हणाली.
"खाणीतले सुरुंग," बाप म्हणाला.
तो स्वतःच भरतो ते, संध्याकाळच्या पाळीत,
साडेबाराला घरी पोचतो
आणि एक वाजून वीस मिनिटांनी
त्याने भरलेला बार उडतो.
जमीन कूस बदलते.
कपाटातल्या बश्या एकमेकींना लागतात.
लोखंडापायी पोखरून पोखरून गावच खचायला आलंय,
म्हणून आता घरं उचलून पूर्वेला नेतायत,
चाकांवर, एकेक.
"कुठल्या पोराला झोप लागेल?"
एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं.
मी ते लिहून घेतलं.
एकमत मी नेहमी लिहून घेते.

योआर पाच बुधवार वाळूच्या पेटीशी बसला.
घर पुरलं. उकरलं. पुरलं.
मी का म्हणून विचारलं नाही.
जीभ आवरायला शिकण्यातच
माझी पहिली दहा वर्षं गेली.
माझ्या लेकीला विचारा,
घरी मी ती कधी आवरली नाही.

सहाव्या बुधवारी त्याने प्लास्टिकचं रेनडिअर
पेटीच्या कडेवर उभं केलं.
"हा जागा आहे."
"बार उडाला म्हणून?"
निसटलंच माझ्या तोंडून.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
बूट उलटे घातलेल्या माणसाकडे पाहावं तसं.
"नाही. बार उडायची वाट बघतोय."

वाळू. मग पुन्हा वाळू.

"बार उडाला की ते दोघं गप्प होतात.
बश्या वाजायच्या थांबेपर्यंत.
तेवढ्यात झोपायचं असतं."

बाहेर कोणीतरी कॉफीच्या यंत्राला थापा मारत होतं.
माझा उजवा पाय बधिर झाला होता,
मी तो हलवला नाही.
नंतर विचारलं, हे त्यांना कोण सांगेल, तू की मी?
त्याने रेनडिअर माझ्या हातात दिलं.

पुढच्या खेपेला कोट दाराशी टांगले,
मधल्या खुर्चीवर रेनडिअर ठेवलं
आणि त्याच्या वतीने मी सगळं सांगितलं,
सपाट आवाजात, पाणीपट्टीची नोटीस वाचावी तसं.
एल्नाने मफलरची एक दशी सोडवायला घेतली.
टॉर्केल म्हणाला, "आम्ही स्वयंपाकघरात भांडतो. दार लावून."
थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला,
"दार लावून."
योआर खाली बसून वाळूतले खडे वेचत होता,
जणू दुसऱ्याच कोणाच्या घरची गोष्ट चालली होती.

मार्चपर्यंत आले. मग येईनासे झाले.
कानावर आलं, आता त्याला दोन घरं आहेत,
एक जुन्या गावात, एक नव्या.
बरा झाला, असं आम्ही फायलीत लिहीत नाही.
'भेटी थांबल्या' असं लिहितो,
खाली तारीख टाकतो.

मधूनमधून मलाही एक वीसला जाग येते.
माझ्या कपाटात दोनच कप आहेत,
लांब लांब ठेवलेले. तरी कान देते.

ऑगस्टात लाकडी चर्च हलवलं, अख्खंच्या अख्खं,
पावला-पावलाने, रस्ता रुंद करून.
सगळं गाव घडीच्या खुर्च्या घेऊन कडेला बसलं होतं.
तो दिसला, बापाच्या खांद्यावर. एक दात पडलेला.
एल्ना पलीकडच्या कडेला, थर्मास घेऊन.
रस्त्यात मूल भेटलं तर ओळख आपण आधी दाखवायची नाही,
हा आमचा नियम. मी नियमाप्रमाणे चर्चकडे पाहत राहिले.

त्याने पाहिलं मला. बहुतेक पाहिलं.
पण चर्चखालची चाकं पुढे सरकत होती
आणि त्याला ती मोजायची होती.