पाच मिनिटं

पहाटे चार चाळीसला पंप लागतो.
विक्रोळी अजून कुशीवर असते,
आणि मी गच्चीवर, दोन टाक्यांच्या मधे,
हातात पाना, काखेत सतरंजीची गुंडाळी.
आधी ‘ए’ विंगचा व्हॉल्व्ह, मग ‘बी’चा.
वीस मिनिटं, वीस मिनिटं.
ठराव वहीत आहे, अक्षर माझंच.

पाणी चढतं तोवर माझा सूर्यनमस्कार होतो.
खाडीकडून वारा येतो, त्याला मिठाचा वास.
पंचविसाव्या मिनिटाला मी व्हॉल्व्ह फिरवतो.

हो, पंचविसाव्या.

त्या उन्हाळ्यात आई अंथरुणाला खिळलेली,
पाठीला जखमा, दिवसातून तीनदा चादरी.
तेव्हा घेतली होती पाच मिनिटं, कुणाला न विचारता.
श्रावणात आई गेली.
पाच मिनिटं राहिली.

रविवारी पालिका शाळेच्या हॉलमध्ये मांजरेकर बाई.
चौतीस वर्षं वजनमापं खात्यात होत्या;
तागडीच्या पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक
त्यांना म्हणे रस्त्याच्या पलीकडून कळायचं.
गुडघा वाकला तर त्या ओरडत नाहीत.
एकदाच म्हणाल्या, शौच-संतोष शिकवताना,
“काटा गिऱ्हाईक निघून गेल्यावर बघायचा.”
आणि आम्हा सगळ्यांना शंभर पानी वही दिली,
रोज रात्री तीन ओळी, स्वाध्याय म्हणून.

माझ्या ओळी अशा:
चहात साखर नाही, दिवस एकोणिसावा.
शेजारच्या टीव्हीचा राग आला, गिळला.
पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकलं.
बाईंनी पानं उलटली, सावकाश, शेवटपर्यंत.
“अक्षर छान आहे,” म्हणाल्या.
इतकंच.

सोमवारी जिन्यात फिलोमिना रिबेलो,
‘बी’ विंग, चौथा मजला, हातात रिकामी कळशी.
“सेक्रेटरी, आज पण नळ साडेसहालाच गेला.”
“वरूनच प्रेशर कमी आहे,” मी म्हणालो,
अंगाला चंदनी साबणाचा वास,
दोन बादल्यांनी नुकताच शुद्ध झालेला.

तिनं कळशी या हातातून त्या हातात घेतली.
कळशी रिकामी असली की फार वाजते.

रात्री वहीत ‘शौच’ लिहिलं, पुढे टिंब दिलं,
टिंबाभोवती पेन फिरत राहिलं, गोळा झाला.
पाच गुणिले तीनशे पासष्ट, गुणिले सहा वर्षं.
हिशेब मला चांगला येतो.

मंगळवारी विसाव्या मिनिटाला पाना फिरवला.
व्हॉल्व्ह त्या जागी थांबायला तयार नव्हता,
त्यालाही सवय झालेली.
‘बी’च्या टाकीत पाणी पडू लागलं, भरदार,
आणि मी सतरंजीवर असा ताठ बसलो,
की श्वास मोजायच्या ऐवजी
वहीतलं वाक्य जुळवू लागलो:
आज पाच मिनिटं परत केली.
परत केली! जणू माझी होती, मी दिली.
पारड्याखाली दुसरं चुंबक, चकचकीत.

एका बादलीत आंघोळ आटपली.
खाली उतरताना पुन्हा फिलोमिना,
केस ओले, खांद्यावर टॉवेल.
“आज पाणी बरं होतं हो.”

सांगायला जागा होती. जिना रिकामा होता.

“प्रेशर वाढलंय,” मी म्हणालो.

रात्री वही उघडली.
तीनच ओळी लिहिल्या.
अक्षर बिघडलं आहे.
रविवारी बाईंना दिसेलच.