मॉरिसच्या पोटाखाली

शिरोड्याला, घरामागच्या मांगरात
चार घोड्यांवर चढवून ठेवलीय मॉरिस मायनर.
चाकं भिंतीला टेकलेली.
आणि मी तिच्याखाली, पाठीवर,
अंगाखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा,
त्यावर अजून बाण : ही बाजू वर.

वरून गाडी सगळ्यांची होती.
दोन मावश्यांच्या लग्नांच्या फोटोंत आहे,
बॉनेटवर आबोलीचा वळेसर.
खालून तिला कुणी विचारलंच नव्हतं.

तारेचा ब्रश फिरवला की आधी पडते तांबडी माती,
मग खनिजाची भुकटी, सावर्ड्याच्या रस्त्यावरची,
ट्रकामागे ट्रक लागायचे तेव्हाची,
मग डांबर, त्याखाली आणखी जुनं डांबर,
आणि अगदी आत, पापुद्र्यांत,
फेरीबोटीचं मीठ.
डोळ्यांत जातं.
गॉगल आहे, तरी जातं.

बोस्त्यांव चारनंतर येतो, यार्डातून सुटला की.
तीस वर्षं बार्जेसची पोटं शिवलेला माणूस.
तो आधी बघत नाही, ठोकतो.
टण. टण. टण. थप्प.
"हांगा कांयच ना," म्हणतो,
आणि खडूने गोल काढतो
जिथे पत्रा नाही, नुसता रंग उभा आहे पत्र्याच्या जागी.
अकरा गोल निघाले.
मी मोजायचं थांबवलं, त्याने नाही.

मडगावचे एक जाणकार बजावून गेलेत :
मूळ ते मूळ ठेव, पोरी,
इंचाचा एक नटसुद्धा मिलिमीटरचा करू नकोस.
मी हो म्हटलं.
मग लीव्हरचे शॉकअप उतरवले, टेलिस्कोपिक बसवले,
ब्रॅकेट कापले बार्जच्या उरलेल्या प्लेटमधून,
पुढे मारुतीच्या डिस्क लावल्या.
मूळ गाडीला उतारावर थांबणं
फारसं ठाऊक नव्हतं.
सिलना खालून भोकं पाडली, पाण्याला वाट.
आत आलेलं बाहेर जायला नको का?

डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या पायाशी,
डांबर खरवडताना ठिगळ लागलं.
वीतभर. रिवेट मारलेलं.
ऑलिव्ह तेलाच्या डब्याचा पत्रा,
पोर्तुगीज अक्षरं उलटी, झाडाची एक फांदी हिरवीगार.

बाबा सोप्यावर बसून सांगत आलेत आयुष्यभर :
या गाडीच्या अंगाला कुणी हात लावलेला नाही.
मी पत्रा त्यांच्या मांडीवर ठेवला.
चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
"राईच्या शाळेत जायची ती," म्हणाले,
"फेरीच्या रॅम्पवर पाणी उडायचं आत.
वर्गात उभी राहायची ओल्या काठाची.
बोलली नाही कधी.
एका रात्री बसवलं मी.
तू सांगू नकोस तिला."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली,
"तेल संपलं नव्हतं त्या डब्यातलं.
तीन दिवस शोधत होते मी डबा."

मग बाहेर आली, हात पदराला पुसत,
पत्रा उजेडात धरून रिवेट मोजले.
"चौदा. एक वाकडा आहे."
आणि तेरा वर्षं त्या जागेवर
टाच कधी दाबून ठेवली नाही, म्हणाली,
हे मात्र दुसरीकडे बघत.

बाबांना खालून काळाच रंग हवा होता.
काळ्यात सगळं झाकतं, हा त्यांचा मुद्दा.
मी फिकट दिला, सायीसारखा,
झिंकच्या प्रायमरवर दोन हात,
पोकळीत मेण.
फिकटावर गंजाचा पहिला टिपका दिसतो,
तेल गळलं तर कुठून, तेही.
बोस्त्यांव हसला : "इतकें धवें? पळयतलो कोण?"

कुणी नाही.
मांगरातलं मांजर, डबकी,
आणि दर पंधरा दिवसांनी मी, पुठ्ठा घेऊन.

रविवारी रायतूरला गेलो चौघं.
फेरीत चढताना पाणी उडालं, जोरात.
आईने पाय उचलले,
आणि मग हळूच
खाली ठेवले.