दोन तारा

नोव्हेंबरात थर्सोला साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
तेव्हाच ती आली. राखाडी मॉरिस, एकोणसाठची,
काचेला आतून वाफ, वाफेत पुसून केलेलं ताटाएवढं भोक,
आणि भोकातून रस्ता बघत आलेली
इशबेल गन, वय एक्क्याऐंशी.
"हीटर मेलाय," म्हणाली.
"तसा तो जिवंत कधी होता म्हणा."
चावी माझ्या तळहातावर ठेवली
आणि स्टुलावर बसली. घरी जायचं नाव नाही.

डॅशखालची गोल पेटी चार नटांवर.
तीन सुटले. चौथ्यानं तास खाल्ला.
पाण्याच्या नळ्या चिमट्यांनी आवळल्या होत्या,
तरी एक गार, गोडसर, हिरवट धार
बाहीतून कोपरापर्यंत पोचलीच.

मोटर बाकावर घेतली. मुठीएवढी.
दोन तारा, कापडी वेष्टणाच्या,
रंग विचारू नका.
बॅटरीला टेकवल्या.
ठिणगी नाही, थरथर नाही.
मीटरचा काटा जागचा हलेना.

उघडली. एक बारका स्क्रू निसटला,
तो जमिनीवर पडायच्या आत
आतल्या चुंबकानं झडप घालून धरला.
इतक्या वर्षांचं चुंबक, अजून एवढं हावरं!
कार्बनचा एक ब्रश खोबणीत रुतून बसलेला
रुसलेल्या पोरासारखा,
तांब्यावर काळं किटण.
पेट्रोलचा बोळा फिरवला,
फटी सुईनं कोरल्या,
बुशाच्या नमद्याला तेलाचे दोन थेंब,
मग पुन्हा तारा.

आधी गुरगुर.
मग घूं... आणि मग एकसंध, न अडखळता.
दोन अँपिअर. बास.
"डगल्ड असाच घोरायचा," स्टुलावरून आवाज आला.

बसवली. स्विचपासून नवी तार ओढली,
पाच अँपिअरचा फ्यूज घातला, टोप्या चिमटून पक्क्या केल्या.
इंजिन तापू दिलं. स्विच ओढला.
फिरतेय.
पण वारा?
समोर हात धरला:
झोपलेल्या मांजराचा श्वास.

बॅटरी घेऊन वाकले. पेटीवर कोरलेला बाण उजवीकडे,
पंखा निघालाय डावीकडे.

मग बॉनेट उघडलं.
या गाड्यांची जुनी रीत, अधिक टोक अंगाला बांधायचं.
इथे अंगाला उणं.
कुणीतरी निगुतीनं सगळं फिरवलेलं,
गाठीसुद्धा सुबक.

"बॅटरी कुणी उलटी केली?"
"रेडिओ," ती म्हणाली. "त्र्याहत्तर साली.
त्याला ती तशीच लागायची.
समुद्राचं हवामान ऐकल्याशिवाय
डगल्ड गल्लीच्या टोकालासुद्धा जायचा नाही."

रेडिओ लागला, दिवे लागले, वायपर हलले.
दिव्याला काय, वीज कुठूनही आली तरी तो जळतो.
चुंबकाच्या मोटरला तेवढी दिशा कळते,
आणि ती बोलून दाखवत नाही,
उलटी फिरत राहते.

"एकतीस हिवाळे," ती म्हणाली,
"गुडघ्यावर घोंगडी, पायाशी गरम पाण्याची पिशवी,
आणि माझा उजवा हात
त्याच्या कोटाच्या खिशात.
गिअर बदलताना तेवढा काढायचा."

मी दोन तारांची जागा बदलली.
दोन मिनिटं लागली, तीही टोपी अडकली म्हणून.

आधी धूळ आली,
मग एका गोळीचा चुरगळलेला चंदेरी कागद,
मग ऊब, नीट, भरभरून.
ती उठली आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसली.
दार लावून घेतलं.
मी पाने पुसत राहिले. पुसलेलेच पुसले.

बऱ्याच वेळानं काच खाली झाली.
"गाढव," ती म्हणाली,
घरातल्या माणसाला म्हणतात तसं.
मग बिल विचारलं, मोजून दिलं, सरकून चाकामागे गेली.

वाफेतलं ते ताटाएवढं भोक
कडांकडे पसरत चाललं होतं.
फाटकाबाहेर पडेपर्यंत सगळी काच उघडी झाली.
माझं कोपर अजून चिकट होतं.